पोटवालं अक्षर की सरळ अक्षर

शमीमआपा,

आज सकाळी पंकजचा पुन्हा फोन आला. "काकू, अक्षर फायनल झालं का? पाटीची फ्रेम जोडून ठेवली मी. मापं झाली, रंग झाले. फक्त तुमच्या दोघीचं..." आणि बिचारा तिथंच अडखळला. 'तुमच्या दोघीचं एकमत' असं म्हणायची त्याला इतक्या वर्षांची सवय. मी म्हटलं, "सांगते दोन दिवसांत," आणि फोन ठेवला. तुला जाऊन अजून पंधरवडासुद्धा झालेला नाही आणि मला स्टँडजवळच्या नव्या दुकानाच्या पाटीवर कोणतं अक्षर घ्यायचं ते ठरवायचं आहे. एकटीनं. हे काही बरं केलं नाहीस तू.

सल्ला द्यायला मात्र सगळे हजर आहेत. तुझी सून नसरीन डोळे पुसत म्हणते, "काकी, अम्मीले आवडे तेच लावून टाका न आता." आमचे हे, ज्यांनी आपल्या भांडणात कधी 'हूं' की 'चूं' केलं नाही, तेही जेवताना म्हणाले, "आता तिचंच घे." पंकजचंही तेच. 'आता' या शब्दाचाच मला राग येतो. तू होतीस तोवर तुझं अक्षर ढोबळं होतं, गावठी होतं, माझ्या मते तर गादीवर लोळलेल्या म्हशीसारखं होतं. तू गेल्यावर ते एकदम सुंदर कसं झालं? मेलं की माणूस बरोबर ठरतं, असं कुठं असतं का? तुलाही हे पटलं नसतं. तू जिवंतपणी जिंकायला टपलेली बाई. असला फुकटचा विजय तू दारातूनच परत पाठवला असतास.

म्हणून म्हटलं, आधी तुझ्याशीच बोलून घ्यावं.

ते वर्ष आठव. कापसाला भाव नव्हता आणि आर्णीतल्या किती तरी घरांत पाहुण्यांना बसायला जागा नव्हती, कारण बैठकीत कापूस बसला होता. आमच्याकडे तर ह्यांनी 'भाव चढू दे, मग काढू' म्हणत समोरच्या खोलीत छताला टेकेपर्यंत कापूस रचला. टीव्ही त्याच्यामागे गेला. बातम्या ऐकू यायच्या, दिसायच्या नाहीत. त्यातून अंगाला अशी खाज सुटली की सगळं घर उठता-बसता खाजवत होतं. तू भिंतीपलीकडून साखर मागायला आलीस, दारातच थांबलीस आणि कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, "अवं वंदना, तुम्ही कापूस ठेवला का कापसानं तुमाले ठेवलं?"

मला रडू येत होतं आणि तुझ्यामुळे हसू फुटलं. मग तू साखर विसरलीस आणि चौकटीवरच बसलीस. तुमच्या घरची कापूस पिंजायची मशीन फोमच्या गाद्या आल्यापासून नुसती झाकून ठेवलेली होती. "माह्यी मशीन उपाशी, तुह्यं घर भरेल. मंग आपण दोघी खाजवत कायले बसून राह्यलो?" एवढंच बोललीस. धंद्याची योजना म्हणावी असं त्यात काही नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात पहिली पोती जिनिंगवर गेली, सरकी निघून रुई झाली, तुझी मशीन घरघरायला लागली, आणि तुमच्या अंगणात आपण पहिली रजई अंथरून टाके घालायला बसलो. माझे टाके पाहून तू म्हणालीस की ही रजई तुझ्या सासूले देऊन टाक. मी दिलीसुद्धा.

नाव ठरवायला काही वेळ लागला नाही. चहाला उकळी यायच्या आत 'शेजारीण' ठरलं. तू म्हणालीस, "रजई कशी, शेजारणीवानी पायजे. हाक मारली की जवळ." मी म्हटलं, ठीक. तोच आपल्या दोघींचा पहिला आणि शेवटचा ठराव, जो बिनविरोध पास झाला.

मग आपण पंकजच्या प्रिंटिंगच्या दुकानात गेलो आणि तिथं त्या पोरानं कॉम्प्युटर उघडून आयुष्यातली मोठी चूक केली. म्हणाला, "काकू, फॉन्ट लय आहेत. तुम्ही पाहा न सांगा." त्यानं 'शेजारीण' हा एकच शब्द खालीवर वीस-पंचवीस तऱ्हांनी लिहून दाखवला. त्यांची इंग्रजी नावं आपल्याला काय कळणार? तू एकेकाला बारशाला बसल्यासारखी नावं द्यायला सुरुवात केलीस. वेलबुट्टीवालं होतं ते 'नवरी'. वाकडंतिकडं नाचणारं 'सर्कस'. काट्यासारखं टोकदार 'बाभूळ'. एक तिरपं, धावणारं होतं, त्याला म्हणालीस, "याची एस्टी सुटून राह्यली." दुकानात झेरॉक्सला आलेली माणसं आपली कामं विसरून आपल्या पाठीशी उभी राहिली होती. तेवढ्यात ते आलं. जाड, गोल, गुबगुबीत. श चं पोट पुढे, ज चा गाल फुगलेला, ण तर चक्क मांडी घालून बसलेला. तू पडद्यावर बोटच ठेवलंस. "हे! हे पोटवालं."

आणि मी त्याच्या वरच्या ओळीवर बोट ठेवलं. सरळ, सडपातळ, ताठ. काना मात्रा जागच्या जागी, कुठं उगाच वळण नाही. सरकारी कचेरीच्या दारावर शोभेल असं.

"हे कायचं अक्षर? हे तं तलाठ्यावानी उभं हाय," तू म्हणालीस. "याच्या हातून रजई कोन घेईन? हा तं थंडी वाजण्याचा दाखला मागन."

"आणि तुझं? ते तर आताच जेवून उठलंय, ढेकर तेवढा बाकी आहे."

पंकज म्हणाला, "काकू, दोन्ही चांगले आहेत." आपण दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानंतर त्यानं आपलं मत देणं सोडलं.

तू लहानपणी उर्दू शाळेत शिकलेली, मराठी नंतर शिकलीस, म्हणून तुझं पाहणं वेगळं होतं हे मला हळूहळू कळलं. मी शब्द वाचायची, तू आकार पाहायचीस. एकदा म्हणालीस, "तुमची अक्षरं वरच्या रेघेले टांगलेली रायतात. धुऊन वाळू घातल्यावानी. मंग जे कपडे वाळू घालाचे ते भरेल पायजेत ना? तुह्या अक्षराचे तं नुसते नाडे लटकून राह्यले." दुसऱ्या दिवशी वलणीवर ह्यांचा पायजमा वाळत घालताना एकटीच हसत सुटले.

ठरलं मात्र काहीच नाही. मग झालं असं की तू तुझं केलंस आणि मी माझं. जुन्या दुकानावरची, म्हणजे आमच्या घराच्या समोरच्या खोलीवरची, पत्र्याची पाटी मी सरळ अक्षरात रंगवून घेतली. तू लाल कापडातून पोटवाली अक्षरं कातरायचीस आणि प्रत्येक रजईच्या कोपऱ्यावर शिवायचीस. वर मलाच सुनवायचीस की पाय, पोटवालं अक्षर कापडात कापता येते, तुह्यं कापलं तं दोऱ्यादोऱ्यानं उसवते. बोलणं खरं होतं, म्हणून जास्त झोंबायचं. एक धंदा आणि दोन तोंडं. जगात असा शहाणपणा आपणच केला असेल.

त्याचं फळ उमरखेडहून आलं. ते गृहस्थ लग्नाच्या रुखवतासाठी रजया घ्यायला आले होते. दुकानाच्या आत उभे, चौफेर आपल्याच रजया, आणि आपल्यालाच विचारतात, "ताई, ते दुसरं 'शेजारीण' कुठं आहे हो? मोठ्या गोल अक्षराचं? आमच्या पाहुण्याकडे त्याची रजई पाह्यली. लय जमते. तुमचीबी ठीकच असंन, पण आपल्याले तीच पायजे."

मी तोंड उघडणार, तर तू माझा पदर ओढलास. चेहरा इतका गंभीर, जशी काही न्यायाधीश. "हाव भाऊ, ते दुकान चांगलंच हाय. आमच्याहून चांगलं. या, मी दाखवते." आणि त्यांना मागच्या दारानं, गोठ्याला वळसा घालून, तुझ्या घराच्या पुढच्या दारी घेऊन गेलीस. तिथं त्याच ढिगातल्या रजया कोपरा वर करून दाखवल्यास. माणूस खूश. निघताना तुला म्हणाला, "त्या पहिल्या दुकानवाल्या ताईंचा स्वभाव थोडा कडक वाटला." तू ते मला सांगायला धावत आलीस आणि हसून हसून शिलाईच्या ढिगात पडलीस. मी चार दिवस तुझ्याशी बोलले नाही. म्हणजे ठरवलं तसं होतं. दुपारीच चहाला आले.

आणि यवतमाळचं प्रदर्शन! तिथं स्टॉलवर माझी पाटी न्यायची नाही म्हणून तू चोरून, मला न सांगता, 'शेजारीण'ची सगळी अक्षरं कापडाची शिवलीस आणि आत रुई भरलीस. पण भरायला बसलं की तुझा हात थांबतो कुठं? गादी भरतात तशी ठासून भरलीस. श च्या मधली फट बंद, ज चा हूक गायब. दुरून पाहिलं तर दोरीवर टांगलेल्या उशा. मी म्हटलं, "आपा, हे वाचायचं का यावर झोपायचं?" तू म्हणालीस, "दोन्हीबी जमते." तेवढ्यात एका बाईच्या कडेवरच्या लेकरानं ण ला असं कवटाळलं की सोडेचना. बाई म्हणाली, केवढ्याला? तू दोरी सोडून ण देऊन टाकलास. संध्याकाळपर्यंत आपण नुसते 'शेजारी' होऊन बसलो होतो. मग परतीच्या एस्टीत तू गंभीर झालीस. श मांडीवर घेऊन दाबत म्हणालीस, "वंदना, भराचं, पण नाक नाई बुजवाचं. अक्षराले श्वास पायजे." त्यानंतर तुझी अक्षरं गुबगुबीत राहिली, पण त्यांच्या पोटात हवा खेळायला लागली. ही गोष्ट मी तेव्हा मान्य केली नाही. आज करते.

तुझ्यामुळे मी दुकानात बसायला शिकले, हेही सांगायचं राहिलं. आधी गिऱ्हाईक आलं की मी आत पळायची. तू मला पुढं ढकलायचीस. कापसाच्या त्या वाईट वर्षांत शहरातून माणसं यायची, आपल्याकडे अशा नजरेनं पाहायची, जशी काही आपण आजारी आहोत. एक साहेबाची बायको तर रजई हातातही न घेता म्हणाली, "दोन देऊन टाका, तुम्हाला तेवढीच मदत." मी गुंडाळायला सुरुवात केली होती. तू माझ्या हातातून सुतळी काढून घेतलीस. "मॅडम, थंडी वाजत असंल तं घ्या. कीव येत असंल तं चहा प्या न जा." मॅडम आधी लाल झाल्या, मग खरंच बसल्या, चहा प्यायल्या, रजई उलगडून टाके पाहिले, आणि घासाघीस करून एकच घेऊन गेल्या. तू घासाघिशीवरच खूश. "आता केली ना तिनं खरी खरेदी!" त्या दिवशी मला तुझा जितका अभिमान वाटला तितका तोवर कोणाचा वाटला नव्हता. हे तुला सांगितलं असतं तर तू आठवडाभर डोक्यावर बसली असतीस, म्हणून सांगितलं नाही.

भांडणाच्या मुळाशी काय होतं, तेही आपण कधी बोललो नाही. तू एकदाच बोललीस. टाके घालता घालता, माझ्याकडे न पाहता. "सारं गाव वाळून राह्यलं, वंदना. माणसं वाळली, ढोरं वाळली, बोलनं वाळलं. आपलं एक अक्षर तरी खाल्लं-पिल्लेलं दिसू दे ना." मी सुई ओवत होते. ओवतच राहिले, आणि नंतर हट्ट सोडायची लाज वाटली.

माझंही एक कारण होतं, आपा. मी तुला नेहमी सांगायचे की सरळ अक्षर 'साफ दिसतं'. ते खरं कारण नव्हतं. पहिल्यांदा रुईच्या भावाची चौकशी करायला यवतमाळला गेलो, तेव्हा तिथला एक व्यापारी दुसऱ्याला म्हणाला, "बायकांचा टाइमपास चालला आहे." तू ऐकलं नाहीस, मी ऐकलं. त्या दिवसापासून मला असं अक्षर हवं होतं की ते पाहून कोणाची हसायची हिंमत होऊ नये. ताठ. कडक इस्त्रीचं. तुला हे सांगितलं असतं तर तू परत जाऊन त्याला पिंजून काढलं असतंस, म्हणून गप्प राहिले. म्हणजे तुला उपाशी दिवस लपवायचे होते आणि मला अपमान. दोघी एकाच शब्दामागे लपत होतो आणि वर्षानुवर्षं काना-मात्रेवरून भांडत होतो.

तू गेलीस त्या दिवशी तुझ्या घरात बायकांत बसले होते. कोणी कुराण वाचत होतं, कोणी रडत होतं. मला वाचता येत नव्हतं, म्हणून नुसती बसले. समोर भिंतीशी अर्धवट रजई गुंडाळून ठेवलेली होती. मी फार रडले, आपा. हे सरळच सांगते, तुझ्यापासून काय लपवायचं. मग एक म्हातारी बाई मला पाणी देत विचारती झाली, "तू कोन बेटा? बहीन?" मी म्हटलं, "शेजारीण." तिनं मान हलवली, तिला सगळं कळलं.

तर इथवर सकाळी लिहिलं आणि दुपारी मी ठरवलं. तुझं म्हणून तुझं नाही आणि माझं म्हणून माझं नाही. तुझ्यावर दया करून अक्षर निवडलं तर तू चहा पाजून हाकलशील, एवढी मी तुला ओळखते. मी पंकजला सांगितलं, दोन्ही अक्षरं मोठ्या कागदावर काढ, एकाच मापात, एकाच रंगात, आणि नव्या दुकानाच्या शटरवर शेजारी शेजारी चिकटव. तो म्हणाला, "काकू, कायले एवढं? शमीमकाकूंचंच..." मी म्हटलं, "तुला सांगितलं तेवढं कर."

तो चिकटवत होता तोवर मी रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीपाशी गेले. उन्हं उतरायला लागली होती. यवतमाळहून आलेली एस्टी वळून स्टँडात शिरत होती, धूळ उडाली होती. आपली गिऱ्हाइकं हीच, एस्टीतून उतरणारी, हातात पिशव्या, डोळ्यांत धूळ. निम्म्यांना चष्मा हवा असतो आणि नसतो. मीही चष्मा काढून पदरात बांधला. म्हटलं, खरी लढाई होऊ दे.

आणि पाहिलं.

माझं अक्षर तिथं नव्हतं. म्हणजे होतं, पण नुसत्या काड्या. शेताच्या कुंपणासारख्या उभ्या रेघा, त्यात शब्द कुठला ते मलाच दिसेना, जिला तो पाठ आहे. डोळे बारीक केले, चार पावलं पुढं गेले. काड्याच. आणि त्याच्या बाजूला, धुळीतून, उन्हातून, माझ्या सगळ्या हट्टातून, गुबगुबीत, मोकळ्या पोटाची, खाऊनपिऊन सुखी अशी तुझी 'शेजारीण'. स्वच्छ. लांबूनच ये ये म्हणत होती. शिवाय एक सांगू? कोणी तिला हसलं नसतं. तिला पाहून आधी तीच आपल्याला हसते आहे असं वाटत होतं.

मी सवयीनं उजवीकडे, जिथं तू नेहमी उभी असायचीस तिथं, वळले आणि मोठ्यानं म्हणाले, "बरं बाई, जिंकलीस, आता नाचू नको."

टपरीवाला चहा गाळता गाळता थांबला. "कोनाशी बोलून राह्यल्या काकू?"

मी रस्ता ओलांडून परत आले आणि पंकजला म्हटलं, पोटवालं घे. त्यानं विचारलं, शमीमकाकूंसाठी ना? मी म्हटलं, नाही रे, दुकानासाठी. आपाचं बरोबर होतं.

पाटी शुक्रवारी लागेल, आपा. मी हरले आहे. भर रस्त्यात, दिवसाढवळ्या, स्वतःच्या डोळ्यांनी बघून, काही सवलत न घेता हरले आहे. इतकी वर्षं मी या एका गोष्टीला घाबरत होते, की मी हरेन आणि तू मला जन्मभर चिडवशील. आणि आता घरात बसले आहे, भिंतीपलीकडे कान लावून, आणि चिडवायला कोणी येत नाही.

तुझी,
वंदना